चंपतराव गवत पाहायला जातात

सावनेरकडच्या चंपतरावांना माणसांपेक्षा बैलांची पारख अधिक, असं ते स्वतःच सांगत. बाजारात ते बैलाचे दात बघत नसत. दात काय, व्यापारीही दाखवतो. बैलाला उन्हात उभा करून ते खुशाल चहा प्यायला जात आणि परतल्यावर तो कसा उभा आहे एवढंच बघत. खूर आपटणारा, दावं ओढणारा बैल त्यांना फुकटही नको असे.

एकाहत्तर सालच्या पोळ्यानंतर ते लेकीसाठी स्थळ बघायला नागपुरात आले. प्रेमिला गुणी, पण रुसली की चार दिवस बोलत नसे, आणि कोणी घाई केली तर आणखी चार दिवस. ही कोणाच्या हाती पडते, या घोरानं चंपतरावांना जेवण गोड लागत नव्हतं.

मुलगा मनोहर कचेरीत कारकून होता. धरमपेठेत दोन भाड्याच्या खोल्या, कपबशीत घोटभर चहा. चंपतरावांनी तो चहा औषधासारखा घेतला. मुलगा दर रविवारी सायकलनं जंगलखात्याच्या राखीव कुरणात जातो हे कळलं, तेव्हा तर त्यांनी मिशीवर हात फिरवला.

"काय पाहाले जाता?"

"गवत, काकाजी. आणि नशिबात असलं तर तणमोर. कोंबडीएवढा पक्षी आहे. गवतातून उंच उडी मारतो."

"अन् मंग?"

"मग खाली येतो."

त्या दिवशी रविवारच होता; चंपतरावांनी मनोहरच्या शेजाऱ्याची सायकल मागून घेतली. एवढा मूर्खपणा समक्ष पाहिल्याशिवाय नकार देणं त्यांना बरं वाटेना. धोतराचा सोगा खोचून ते मुद्दाम मागून निघाले. पोराच्या सायकलची चेन सैल होती, पाठीत पोक होता. दोन्ही त्यांनी मनात नोंदवून ठेवलं.

कुरणात कमरेएवढं गवत वाऱ्यानं लवत होतं. चंपतरावांनी एक काडी चावून पाहिली. पहिल्या प्रतीचा चारा!

"हे कापत काहून नाही गा?"

"राखलंय."

"कोनासाठी?"

"पाखरांसाठी. गवतासाठीही."

"आमच्या गावात अशा मानसाले ढोरं राखाले बी कोनी ठेवत नाही," चंपतराव म्हणाले. मनोहर हसला आणि एका बाभळीआड मांडी घालून बसला. चंपतरावही कुरकुरत बसले.

ऊन चढलं. चंपतराव बोलत होते: शहरातल्या दुधावर, कारकुनांच्या पोटावर, गवताला चौकीदार ठेवणाऱ्या सरकारवर. मनोहर 'हो' म्हणत समोर बघत होता. पक्षी काही उडाला नाही. शेवटी तोंड कोरडं पडलं म्हणून चंपतराव गप्प झाले, आणि त्यांची नजर आपल्याच मांडीजवळ गेली. तिथे उपटलेल्या गवताची नीट बांधलेली पेंडी पडली होती. बाजूला आणखी एक. बोलता बोलता हातांनी जन्माच्या सवयीचं काम उरकलं होतं; समोरचं गवत हातभर उघडं पडलं होतं. इतक्या खसखसाटात आणि बडबडीत कोणतं पाखरू बाहेर येणार?

मनोहरनं हे सगळं पाहिलं होतं. पहिल्या मुठीपासून.

तो उठला, पँट झटकली. "आज नाही दिसला, काकाजी. पुढच्या रविवारी येऊ."

चंपतराव धोतर झटकत उठले. पेंड्या त्यांनी तिथेच ठेवल्या, हे त्यांच्या आयुष्यात प्रथमच घडलं.

गावी घरी पोचताच त्यांच्या बायकोनं, जिजाबाईंनी, पाण्याचा तांब्या पुढे केला. "कसा हाय पोरगा?"

"बावळट. दिवसभर गवत पाहते. पाठीत पोक, सायकल खटारा."

"मंग नाही म्हना त्याईले."

"नाही काहून म्हनू वं? दिवाळीनंतरची तिथी पाहा म्हनाव." त्यांनी तांब्या रिकामा केला. "अन् पोरीले सांगून ठेव, त्याच्यापुढं रुसून फायदा नाही. तो बसून राहते."