श्रीपतीची बारा मिनिटं

श्रीपतीला निवांत बूड टेकून बसलेलं पाहिलंय, असं सांगणारा माणूस वलवणात शोधून सापडायचा नाही. चहा तो उभ्यानं प्यायचा, दाढी अंगणात फेऱ्या मारत करायचा आणि टीव्हीवरच्या बातम्या एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर ठेवून ऐकायचा. त्याचाही दोष नव्हता म्हणा. रेल्वेत कीमन म्हणून चौतीस वर्षं काढलेला माणूस तो. रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकायचा, लोणावळ्याहून मळवलीच्या अंगाला रुळांतून चालत निघायचं, रूळ धरून ठेवणारी एकेक चावी ठोकून बघायची, सैल असेल ती घट्ट करायची आणि पलीकडच्या रुळानं परत यायचं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. हातोडा खात्यानं परत घेतला, पायाची भिंगरी तेवढी त्याच्याकडेच राहिली.

आता ठोकायला रूळ नव्हते, म्हणून तो घर ठोकायचा. नळाचा पाइप, खिडकीचे खिळे, गॅसची टाकी, दाराची कडी, सगळं दिवसातून दोनदा वाजवून बघायचा. आणि घर संपलं की रेल्वे फाटकापर्यंत जाऊन यायचा, दिवसातून चार वेळा. शेजारचा दत्तोबा म्हणायचा, "भाऊ, रेल्वेनं सोडलं तुमाला, पर तुमी काय रेल्वेला सोडाना!" श्रीपती हसायचा आणि पुढं चालू लागायचा.

पण या आठवड्यात दत्तोबाही गप्प होता. श्रीपतीची बायको सरूबाई आजारी होती. दिवाळी झाली आणि तिला निमोनियानं धरलं. तळेगावच्या दवाखान्यात नऊ दिवस काढून ती घरी आली, त्याला आज चार दिवस झाले. ताप उतरला, खोकला निम्मा झाला, पण पोटात अन्न म्हणून जाईना. पेज केली, दोन घोट. मऊ भात केला, तसाच परत. फोडणीच्या वासानं ठसका लागायचा, म्हणून घरात चार दिवस फोडणीसुद्धा बंद होती. काल डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं, "सोमवारी सकाळी घेऊन या. तोवर खायला लागल्या नाहीत, तर दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना सरूबाई एवढंच म्हणाली, "नळी घातली तर मी काय परत घरी यायची न्हाई."

ते वाक्य काल दुपारपासून श्रीपतीच्या डोक्यात घण घालत होतं. आज रविवार होता. हातात एकच दिवस.

मुलगा निलेश उर्शाच्या कंपनीत पहिल्या पाळीला गेलेला. सून अनिता लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात कामाला, आणि रविवारी मुंबईकरांची झुंबड उडत असल्यानं तिला रजा मिळणं शक्य नव्हतं. पण पोरगी हुशार. जाण्याआधी तिनं सगळी तयारी करून ठेवली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकानं सफरचंदं आणलेली, आणि कच्चं सफरचंद चावायची सरूबाईच्या जबड्यात ताकद नव्हती. अनितानं दोन सफरचंदं सोलून त्यांच्या फोडी स्टीलच्या डब्यात घातल्या, वर चमचाभर तूप, चिमूटभर वेलची, आणि दुकानातून आणलेला शेंगदाणा चिक्कीचा चुरा मूठभर पसरला.

"आबा, हे एअर फ्रायरमध्ये ठेवायचं. धूर नाही, वास नाही, आत्यांना ठसका लागणार नाही. बारा मिनिटांत सफरचंद मऊ होतं आणि चिक्की वरून खरपूस. दुकानातल्या मुलींनी करून पाहिलंय. आकडे मी लावून ठेवलेत. तुम्ही फक्त नेल पॉलिशचा लाल ठिपका लावलाय ना, ते बटण दाबायचं."

एअर फ्रायर निलेशला कंपनीच्या सोडतीत लागलेला. त्यात आजवर पापड सोडून काही भाजलं नव्हतं. श्रीपतीनं तो बोटानं वाजवून बघितला आणि मान हलवली. अनिता चपला घालता घालता पुढं म्हणाली, "आणि मधेच खण उघडायचा नाही हं, उघडला की मशीन थांबतं." पण तोवर श्रीपती कुंपणाच्या दाराची कडी सैल झाली का ते बघायला अंगणात पोचला होता.

अकराला त्यानं डबा खणात ठेवला. स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीतल्या खाटेवरून सरूबाईला तो दिसत होता आणि त्याला ती. भिंतीकडं उशी लावून बसलेली, हातांच्या काड्या झालेल्या. श्रीपतीनं बटणाकडं बोट नेलं आणि तसंच थांबवलं. लाल ठिपका. चौतीस वर्षं लाल दिसला की गाडी थांबवायची, हे ज्याच्या हाडात मुरलंय, त्यानं लाल दाबून काही सुरू करायचं म्हणजे काय? त्यानं शेजारचं बिनठिपक्याचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. दुसरं दाबलं. मशीननं एक शिट्टी दिली आणि गप्प.

"लाल दाबा म्हनाली व्हती पोरगी," खाटेवरून आवाज आला.

"म्हाईत हाय मला," असं म्हणून त्यानं डोळे मिटल्यासारखं करून लाल दाबलं. आतला पंखा घोंघावू लागला. काचेवर बाराचा आकडा उमटला.

आता थांबायचं. बारा मिनिटं म्हणजे काय मोठं? पण श्रीपतीचा जीव टांगणीला लागलेला. बंद डब्यात काय चाललंय कोण जाणे! आत दिसायला भोक नाही, ऐकायला ठोका नाही. एक मिनिट त्यानं कळ काढली आणि खण ओढला. पंखा बंद पडला. त्यानं चमच्यानं फोड ठोकून बघितली. टणक. खण आत सारला. पंखा सुरू. गॅसची टाकी वाजवून आला, पुन्हा खण ओढला. टणक. खिडकी लावली, उघडली, खण ओढला. कोमट, पण टणकच. मधेच सरूबाई खोकली, तसा तो पाणी घेऊन धावला. तिनं घोटभर घेऊन पेला परत दिला, तो त्यानं खिडकीच्या चौकटीवर ठेवला, खाली पाडला, पुसला, आणि पुसता पुसता खण ओढला. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग म्हणतात, ते चाळीस वर्षांच्या संसारानंतरही खोटं नव्हतं.

एवढ्यात लांब गाडीची शिट्टी झाली. ही काही अकराची लोकल नव्हे. मग कुठली? खण निम्मा सरकवून तो तरातरा बाहेर पडला. मालगाडी होती. शेवटचा डबा जाईपर्यंत त्यानं चाकांचा आवाज ऐकला, सगळं ठीक आहे अशी खात्री करून घेतली, आणि परत आला तर स्वयंपाकघरात शुकशुकाट. खण पुरता लागला नव्हता. पंखा बंद. आकडा आठवर अडकलेला. फोडींवर तूप थिजायला लागलेलं आणि चिक्कीचा चुरा ओलसर होऊन चिकटलेला.

श्रीपतीनं डब्याकडं बघितलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. चौतीस वर्षांत एक गाडी आपल्या हद्दीत अडकली नाही, आणि दोन सफरचंदं शिजवता येईनात! उद्या तिला नळी लावतील आणि ती आपल्यामुळं लावतील, असं त्याला वाटलं.

"अवं," सरूबाई म्हणाली. "चार येळा उगडलं तुमी. त्याला शिजू तर द्या."

"मग करू काय? आतलं काय दिसतंय का? बंद डब्यात काय चाललंय ते कळाया नको?"

"मला चौतीस वरसं काय दिसत व्हतं?" ती खोकली, दम घेतला. "तुमी रुळावर. मी हितं. मला हितनं रूळ दिसत व्हता का?"

श्रीपतीचा खणाकडं निघालेला हात मागं आला.

"तुमी हितं येऊन बसा."

"मी बसून सफरचंद शिजणार हाय व्हय?"

"सफरचंदाचं मला म्हाईत न्हाई. माझा घास उतरंल."

तो दारातच उभा राहिला. सरूबाई आपल्या आधी कधीच जेवली नाही, हे त्याला ठाऊक होतं. दोन वाजू देत नाहीतर चार, तो येऊन पाटावर बसला की मग तिचं ताट. त्याला वाटायचं, बायकांची रीतच असते ती.

"गेणू आठवतो का?" तिनं विचारलं.

न आठवायला काय झालं? गेणू त्याच्याच रूळ सांभाळणाऱ्या गँगमधला. धुक्यात इंजिन आलेलं त्याला कळलं नव्हतं. श्रीपतीनंच त्याला चादरीत उचललेला.

"त्याची बायको मला म्हनली, सरू, निरोप आला तवा माझ्या तोंडात भाकरी व्हती. मला ना ती गिळता आली, ना थुकता आली." सरूबाईनं पदरानं तोंड पुसलं. "तवाधरनं तुमी दारात दिसून, पाटावर बसल्याबिगर माझ्या घशानं घास घेतलाच न्हाई. मी काय मुद्दाम करती व्हय? गळाच मिटतो."

"अगं, पर आता मी कुटं जातोय? दोन वरसं झाली घरी बसून."

"बसला कवा तुमी? जेवाया तरी पाच मिन्टं टेकायचा. मी दवाखान्यात गेल्यापासनं त्येबी सोडलं. ओट्यापाशी उभ्यानं दोन घास खाता. माझ्यापुढं पेजेची वाटी ठेवता आन् फाटकाकडं पळता. मी वाटी घेऊन दाराकडं बघती. तुमी येता, इचारता खाल्लं का, आन् पुन्यांदा जाता."

चार दिवस. चार दिवस ती वाटी हातात धरून दाराकडं बघत होती, आणि तो तिची काळजी करत फाटकाशी उभा होता. इतकी वर्षं आपण रूळ सांभाळला, आणि घरी ही आपल्याला सांभाळत उपाशी बसली होती. कधी एका शब्दानं बोलली नाही. आणि आपण कधी विचारलं नाही.

त्यानं ओला चुरा चमच्यानं काढून टाकला आणि वर पुडीत उरलेला नवा मूठभर पसरला. खण आत सारून शेवटपर्यंत लागला का ते हातानं एकदाच दाबून बघितलं. आकडा पुन्हा बारावर आणला. लाल बटण दाबलं. मग भिंतीशी उभा केलेला पाट घेतला, खाटेजवळ टाकला आणि त्याच्यावर बसला.

पहिली चार मिनिटं त्याला अख्ख्या जन्माएवढी गेली. गुडघा आपोआप उडत होता. नळ ठिबकत होता, कडी लावली की नाही ते आठवत नव्हतं. सरूबाईनं हात खाली सोडून त्याच्या गुडघ्यावर ठेवला. काही वजन नव्हतं त्या हाताला. सहाव्या मिनिटाला वेलचीचा वास आला. नवव्याला गूळ करपायच्या जरा अलीकडचा, चिक्कीच्या भट्टीवर येतो तसा खमंग वास घरभर झाला. ठसका कुणाला लागला नाही.

शिट्टी वाजली. त्यानं डबा फडक्यात धरून आणला, दोन वाट्यांत काढला आणि पुन्हा पाटावर बसला. फोड चमच्यानं दाबली की मोडत होती. वरचा चुरा कुरकुरत होता.

"आदी तुमी," ती म्हणाली.

त्यानं एक घास खाल्ला. जीभ भाजली, तरी गिळला. मग तिनं चमचा उचलला, फुंकर घातली, तोंडात घेतला. गिळला. दुसरा घेतला. श्रीपती तिच्या गळ्याकडं बघत होता. तिसरा उतरला, चौथा उतरला.

एवढ्यात पुण्याकडून गाडी आली. लांब शिट्टी, आणि मग चाकांचा आवाज, त्यात कुठंतरी एक वेगळा खडखडाट. श्रीपतीची मान दाराकडं वळली, हात जमिनीला टेकला, तो अर्धा उठला.

सरूबाईचा चमचा वाटीतच थांबला.

त्यानं ते बघितलं आणि परत खाली बसला. बाहेर गाडी खडखडत लोणावळ्याकडं निघून गेली. सरूबाईनं पाचवा घास घेतला.