शुद्धीत मारलेला ठोसा

सामन्याच्या मध्यंतरात सगळ्यांना ताटलीतून लिंबाच्या फोडी मिळाल्या. माझी फोड बापूने वरून टाकली. मी ओंजळ धरली होती, तरी हुकली. धुळीत पडली. मी उचलली, चड्डीला पुसली आणि चोखली. कोणी हसलंसुद्धा नाही. इतकं ते रोजचं होतं.

बापू आमच्या फुटबॉल संघाचा कप्तान, शहाद्याकडच्या एका पाटलाचा मुलगा. मी सातपुड्यातला भिल्ल. त्याच पाटलाच्या खळ्यात राहायचो, बैलांचं शेण काढायचो आणि दोन वेळच्या भाकरीवर सातवीच्या फायनलचा अभ्यास करायचो. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. ती परीक्षा पास झालं की मास्तर होता यायचं. दुसरं काही मला नको होतं. अनवाणी पायाने मी चेंडू लांब मारायचो, म्हणून संघात घेतलं होतं.

सामना नंदुरबारला, स्टेशनापलीकडच्या माळावर होता. पंच नवापूरकडचे एक मास्तर. तेही भिल्लच. भिल्लाने शिट्टी वाजवली की पाटलांची पोरं थांबतात, हे बघायला लोक यायचे. सामन्याआधी त्यांनी मला आमच्या बोलीत विचारलं होतं, जेवलास का. त्या माळावर मला असं विचारणारा तेवढा एकच माणूस.

शेवटाला बापूने हाताने चेंडू आत ढकलला. मास्तरांनी गोल दिला नाही. बापू लालबुंद झाला, पण स्वतः पुढे गेला नाही. त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला. आयुष्यात पहिल्यांदा. कानाशी म्हणाला, "मार रे त्याले. तू आमना शे ना?"

तू आमचा आहेस ना, एवढं ऐकलं आणि मी मारलं. शिट्टी अजून त्यांच्या तोंडातच होती. ठोसा तिच्यावर बसला. दात तुटला. रक्त सदऱ्यावर आलं. मास्तरांनी हात उचलला नाही. सामना तिथेच थांबला.

परतताना लॉरीत बापूने मला शेजारी बसवलं. आणि मला आनंद झाला. हे सांगायची आजही लाज वाटते, पण झाला. त्या एका जागेसाठी मी आपल्याच माणसाचं तोंड फोडलं होतं.

आठ दिवसांनी सामने भरवणाऱ्या मंडळींनी चौकशी लावली. आदल्या संध्याकाळी बापूचे वडील खळ्यात आले. आम्ही त्यांना आबा म्हणायचो.

"दारू पिईसन मारं, असं सांगी दे," आबा म्हणाले. "भिल्लेसनं आपसातलं भांडन. बापूनं नाव लेवानं नही. तुन्ही परीक्षा हुई जाई. नही त खळं सोड."

मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पाच जणांपुढे उभं राहून तसंच सांगितलं. दारू प्यायलो होतो. त्या दिवसापर्यंत मी दारूला शिवलोही नव्हतो.

कोणालाच नवल वाटलं नाही. एकाने लगेच लिहून घेतलं. दुसरा म्हणाला, "ह्या लोकांचं असंच." आबांशेजारी बसलेला बापूही हसून मान हलवत होता. त्याच्या हसण्याने माझ्या अंगाची आग झाली. मला संघात घेतलं होतं पायांसाठी, आणि ठोसा माझ्याकडून मारवला तो ह्यासाठी. भिल्लाने भिल्लाला मारलं की विचारतो कोण?

मास्तर कोपऱ्यात उभे होते. ओठ अजून सुजलेला. त्यांना विचारलं, काही बोलायचंय का. ते कष्टाने बोलले, "हा प्यालेला नव्हता. मी ह्याच्याशी बोललो होतो. त्याने शुद्धीत मारलं. शिक्षा द्या ती शुद्धीतल्या माणसाची द्या."

मला वाचवण्यासाठी ते बोलत नव्हते. तरी त्या खोलीत मला माणूस धरणारे तेच होते, ज्यांचा दात मी पाडला ते.

मी म्हणालो, "खोटं बोललो. दारू प्यालो नव्हतो. बापूने सांगितलं, मी मारलं. ह्या लोकांनी मला आपलं म्हणावं म्हणून मारलं."

आबा उठून निघून गेले. संघ बाद झाला. बापूला वर्षभर खेळायची बंदी झाली, मला कायमची. माझं मला मान्य होतं. खळ्यावर पोचलो तर माझं गाठोडं बाहेर पडलेलं. त्या साली परीक्षा हुकली, ती हुकलीच.

चौकशी संपल्यावर, खळ्याकडे निघण्याआधी, मी मास्तरांच्या मागे धावत गेलो होतो. पाया पडलो. ते पाय मागे घेऊन म्हणाले, "माफी मागू नकोस. मला ती द्यायची नाही." त्यांनी ती पुढेही कधी दिली नाही. दिली असती तर मला तोंड लपवायला जागा राहिली नसती.

खेळायला बंदी होती, पंच व्हायला नव्हती. डोंगरातली पोरं चेंडू खेळायला लागली तेव्हा शिट्टी मी धरली. प्रत्येक सामन्याआधी दोन्ही संघांना समोर उभं करून सांगतो. पंचावर हात टाकणारा जन्मभर बाहेर. भिल्ल असो, पाटील असो, माझा पोरगा असो. प्यायलो होतो हे ऐकणार नाही. आणि त्याला काढायच्या आधी मी विचारीन, कोणी सांगितलं. तो सांगणारा पहिला बाहेर जाईल. तो जाईस्तोवर मी सामना पुढे चालू देणार नाही, मग रात्र होवो.