जाळ्या तपासणारे भावजी

पाण्याच्या टाकीपर्यंत आलो तोवर भावजी एक शब्द बोलले नव्हते. पुलाचं काम काढल्यामुळे बस कारखान्यापर्यंत येत नव्हती, आणि आठवडाभर आम्ही दीर-भावजय कालव्याच्या कडेने दीड तास चालत घरी जात होतो. एरवी ते बोलायचे आणि मी ऐकायचे. त्या दिवशी फक्त चपलांचा आवाज.

टाकीच्या फाटकापाशी ते थांबले.

"वहिनी, हे फाटक कोणत्या रंगाचं आहे?"

"हिरवं."

"आणि खाली गंजलंय तिथे?"

"तिथे तांबडं. का, रंगकामाचा ठेका घेताय?"

"मला सगळं एकच दिसतं," ते म्हणाले आणि पुढे चालू लागले.

मला चेष्टा वाटली. ते चेष्टेखोर आहेतच. पण शंभरेक पावलं गेली तरी ते हसले नाहीत, तेव्हा सकाळचा सगळा प्रकार माझ्या डोक्यात दुसऱ्या बाजूने उलगडायला लागला.

आमच्या कारखान्यात लपवायच्या जाळ्या होतात. गाडी, तंबू, यंत्र, जे दुरून दिसू नये असं वाटतं त्यावर त्या टाकतात. दोरीच्या जाळीला कापडाच्या पट्ट्या गाठवायच्या, हे आम्हा बायकांचं काम. ऐकायला सोपं आहे. नवीन आलेली बाई हमखास एकच चूक करते, ती पट्ट्या नीट, ओळीत बांधते. घर नीटनेटकं ठेवायची सवय हाताला असते. अशी जाळी लांबून ठळक दिसते, कारण झाडाझुडपांत कुठेच सरळ ओळ नसते. मला स्वतःला वेडंवाकडं बांधायला शिकायला चार महिने लागले. देवाने नाकतोड्याला पानासारखं केलं तेव्हा त्याला किती बारीक काम करावं लागलं असेल, हे मला तेव्हा कळलं.

भावजी या जाळ्या तपासायचे. अंगणात रिकाम्या खोक्यांवर जाळी पसरायची, आणि त्यांनी गच्चीवरून बघून सांगायचं, "दिसतंय" किंवा "नाही दिसत". बस, दोनच शब्द. पण सगळ्यांना जिथे नुसतं गवत दिसे तिथे ते बोट दाखवत. "डावीकडचा कोपरा. खोक्याची कड वर आलीये." जाऊन बघावं तर खरंच. सव्वीस वर्षांत त्यांच्या नजरेतून काही सुटलं नव्हतं. सगळे त्यांना घार म्हणत, साहेबसुद्धा.

"तुम्ही सगळे रंग बघता," चालता चालता ते म्हणाले. "रंग जुळला की तुमचा डोळा पुढे सरकतो. मला रंगच नाही, तर फसणार कशाने? मी कड बघतो, सावली बघतो."

"कधीपासून?"

"जन्मापासून. तिसरीत बाईंनी पान काढायला सांगितलं. मी काढलं आणि तांबडं रंगवलं. बाईंनी ते सगळ्या वर्गाला वर करून दाखवलं. मारलं वगैरे नाही, नुसतं दाखवलं. त्यानंतर मी कधी शेजाऱ्याच्या आधी खडू उचलला नाही."

पुढचं त्यांनी तुकड्यातुकड्यांत सांगितलं. सिग्नलला वरचा दिवा थांबायचा, खालचा जायचा. टोमॅटो दाबून घ्यायचे. कपडे पांढरे आणि राखाडी, म्हणजे काही चुकायला नको. आम्ही घरातले त्यांना साधा माणूस म्हणून नावाजत होतो. माझी जाऊ तर सांगत फिरायची, "ह्यांना कशाचीच हौस नाही." साडीच्या दुकानात ते दारात उभे राहायचे, आणि तिला वाटायचं, बायकांच्या खरेदीला कंटाळतात.

"तिलाही माहीत नाही?"

"नाही."

पंचवीस वर्षांचा संसार.

आता सकाळचा प्रकार सांगते. त्याआधीच्या महिन्यात दोन मागण्या एकदम आल्या. एक गवताळ माळासाठी, हिरवट जाळ्यांची. दुसरी खाणीसाठी, तांबूस. तपासून झालेल्या जाळ्यांच्या दोन थप्प्या होत्या. हिरवट दाराशी, तांबूस खिडकीशी. भावजी एकेक जाळी गुंडाळून वर चिठ्ठी बांधत आणि हमाल ती पोत्यात शिवत. हमाल चिठ्ठी वाचतो, जाळीचा रंग बघणं हे काही त्याचं काम नाही. एक दिवस खिडकीतून पाणी आलं. तिथली झाडलोट करणाऱ्या बाईने फरशी पुसायला दोन्ही थप्प्या उचलल्या, परत ठेवताना त्यांची अदलाबदल केली आणि ती आपल्या कामाला लागली. ही बाई तीन वर्षं आमच्याकडे आहे, तरी तिला सगळे अजून नवी म्हणतात.

भावजींनी नेहमीप्रमाणे दाराशी असलेल्या जाळ्यांना माळाच्या चिठ्ठ्या बांधल्या, आणि माळावर अकरा तांबड्या जाळ्या पोचल्या. हिरव्या गवतावर त्या कोसभरावरून दिसत होत्या म्हणे. त्या सकाळी सगळ्या परत आल्या.

साहेबांनी नवीला विचारलं, "थप्प्या हलवल्यास, मग सांगितलं का नाहीस?"

"बघितलं की कळतंच की साहेब. सांगायचं काय त्यात?"

"चिठ्ठ्या बदलल्यास का मग?"

"मी कशाला बदलू?"

पण चिठ्ठ्या घारीने बांधल्या होत्या. घार हिरव्या-तांबड्यात चुकणार नाही, म्हणजे नंतर हिनेच काहीतरी केलं असणार. गाठवणाऱ्या चौदा बायका होतो, चौदाही जणींनी मान डोलावली. मी पण. दुसऱ्या दिवशी दहा वाजता तिला काढायचं ठरलं. ती रडली नाही, फक्त पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "पण बघितलं की कळतं." भावजी तिथेच खांबाला टेकून उभे होते.

"तुम्ही तेव्हा का नाही बोललात?" मी विचारलं.

"तोंड उघडलं होतं. मग माझ्याकडे कुणी बघतच नाहीये असं दिसलं. सवय आहे ना. कुणी बघत नसलं की हलायचं नाही."

कालव्यावरच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर आम्ही बसलो. ऊन उतरलं होतं. त्यांनी माझ्या पिशवीकडे बघितलं.

"पट्ट्यांच्या मापांची वही आहे ना तुमच्याकडे? साहेबांना अर्ज द्यायचाय. समोर गेलो की माझी पुन्हा वाचा बसेल. तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्ही लिहा."

मी मागचं कोरं पान काढलं. त्यांनी सांगितलं तसं लिहीत गेले. जाळ्यांना चिठ्ठ्या मी बांधल्या. त्या बाईंची काही चूक नाही. इथपर्यंत ठीक होतं. मला रंग ओळखता येत नाहीत, हे पुढचं वाक्य आलं आणि मीच पेन थांबवलं.

"भावजी, असं लिहू का? हल्ली डोळे अधू झाल्यामुळे रंग नीट ओळखता आले नाहीत. वयाने होतं कुणालाही. ती पण सुटेल, तुम्हाला पण कुणी काही म्हणणार नाही."

मी रोज देवापुढे बसणारी बाई. तरी हे इतकं सहज माझ्या तोंडून आलं, जणू तयारच होतं.

त्यांनी पाण्याकडे बघत थोडा विचार केला. नको म्हणायला त्यांना जड जात होतं, हे दिसत होतं. सव्वीस वर्षांची नोकरी होती, आणि गच्चीवर उभं राहायचा मान होता.

"आणि घरी कळेल त्याचं काय?" मी विचारलं.

"घरी मी सांगेन. तिथे अर्ज लागणार नाही." मग त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "वहिनी, तेवढं हल्ली लिहू नका. कधीच ओळखता आले नाहीत, असं लिहा. आणि अक्षर जरा मोठं काढा, साहेबांना लांबून वाचता आलं पाहिजे."