कानिफनं घातलेली कडी

कानिफनाथ आणि मी शनिशिंगणापूरच्या शाळेत एका बाकावर बसायचो. मी मराठी घेऊन एम.ए. झालो. तो दारूत गेला. नगरच्या बसस्थानकामागे पोत्यावर झोपलेला दिसला, तेव्हा भुवईवरच्या व्रणामुळेच मी त्याला ओळखलं.

एका संस्थेच्या कार्यकर्त्या मोनिकाताईंनी त्याला व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. बाहेर आल्यावर केडगावात खोली मिळवून दिली. अट एकच. खोलीत दारू सापडली की खोली गेली. कुणी आणली, हे कुणी विचारणार नाही.

कानिफ गाड्या धुवायच्या सेंटरवर जाऊ लागला. स्वतःचं स्वतः शिजवू लागला. पण दाराला कडी घालेना. आमच्या गावात घराला चौकट असते, दार नसतं. शनिदेव राखतो. कडी घालायची म्हणजे देवावर भरवसा नाही.

उघड्या दारातून एकदा स्टँडवरचे जुने जोडीदार आत येऊन बसले. कानिफ प्यायला नाही. पण मोनिकाताईंना खाटेखाली रिकामी बाटली दिसली.

"या वेळी मी पाहिली नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी पाहीन. कडी घाल."

"देव राखतोय की, ताई."

"देव चोरापासून राखतो. चोर न्यायला येतो. हे द्यायला येतात. त्याचं काय?"



गेल्या शनिवारी दुपारी मी गेलो. दार बंद. ते बंद मी कधीच पाहिलं नव्हतं. फोन केला, उचलला नाही. शेजारच्या बायडाबाई धुणं वाळत घालत होत्या.

"दोघं आल्ते मघाशी. लई दार बडवलं."

"कानिफ गेला का त्यांच्याबरोबर?"

"मी न्हाई बघितलं, बाबा."

मी हाका मारल्या. दाराच्या फळीला नाक लावून वास घेतला. काही कळेना. स्टँडकडं जावं का, मोनिकाताईंना सांगावं का? सांगितलं तर खोली जाईल का?

"कोन हाय?" आतून आवाज आला.

"मी. रविराज."

"फटीपाशी तोंड आन. फुंक."

दारूचा वास येतो का बघायला केंद्रात बाहेरून येणाऱ्याला दारातच असं फुंकायला लावत. मी फुंकलं. कडी निघाली.

तो घामानं भिजला होता. पंखा बंद.

"आवाज गेला आसता भायेर," तो म्हणाला.

"आता तू फुंक."

"मास्तर झालास व्हय?" म्हणत त्यानं फुंकलं. तोंडाला उपाशी माणसाचा वास होता. दुसरा कसलाच नाही.

मी आत येताच त्यानं कडी घातली. मग गावाच्या दिशेला हात जोडले.

"शनिवार हाय आज. आन आजच घातली. रागवंल का रं त्यो?"

बाहेर चपला वाजल्या. कानिफनं कडी दाबून धरली.