मांजरीची सात घरं
सोयाबीनच्या रिकाम्या पोत्यांचा धुळकट वास आला की मला अनसिंगच्या आमच्या घरातली एक दुपार आठवते. तिन्ही मुलांनी सासूबाईंच्या पाळ्या लावल्या होत्या आणि त्या दिवशी आमची पाळी संपली, म्हणून थोरले दीर त्यांना न्यायला आले होते. कोपऱ्यातल्या पोत्यांवर सासूबाईंनी सोबत न्यायचं लुगडं घडी करून ठेवलं होतं आणि मांजर नेमकी त्याच्यावरच व्याली होती. मी पिल्लं उचलायला वाकले तर त्या म्हणाल्या, "राहू दे वं, लुगडं तिलेच राहू दे. ओली बाळंतीण हाय ते." मग पिल्लांकडे बघत हसल्या. "मांजर पिल्लाले सात घरं फिरवते. मले माहे पोट्टे तीनच घरं फिरवून राह्यले, चांगलेच म्हणा ना." दीर हसले, मीही हसले. पाळी फिरून आमच्याकडे यायच्या आधीच त्या वारल्या. आता माझ्याही पाळ्या आहेत, दोन घरांच्या. आज भरलेली पिशवी दाराशी ठेवली आहे आणि थोरल्या सुनेची मांजर तिच्यावर अंग मुडपून झोपली आहे. धाकटा बाहेर गाडीचा हॉर्न वाजवतोय. वाजवू दे. झोपलेल्या मांजरीला मी काही उठवत नाही.