रिकाम्या गाभाऱ्यातला भंडारा

लॅपटॉपच्या बॅगेची चेन उघडली की अजून हळदीचा वास येतो. डॉक्टरांनी हात टेकल्यावर मी वडिलांना अणदूरच्या खंडोबाला नेलं होतं. अणदूर आणि नळदुर्ग मिळून देवाची मूर्ती एकच, आणि त्या दिवसांत देव नळदुर्गला मुक्कामाला असतो, हे जन्मभर तिथं जाणारे वडीलच विसरले होते. देवाची जागा मोकळी होती. तरी त्यांनी धापा टाकत मूठभर भंडारा उधळला. पिवळा धुरळा उन्हात तरंगला आणि माझ्या खांद्यावरच्या बॅगेवर बसला. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "आबा, मी ज्या म्हाताऱ्या ताऱ्याचा अभ्यास करतो ना, तोही असाच अंगावरचा वायू उधळत असतो. त्या वायूतल्या रेणूंच्या रेडिओलहरी आम्ही दुर्बिणीनं पकडतो." "मग त्येला वाचवता येतं व्हय?" "न्हाय. किती झपाट्यानं झडतोय, तेवढं कळतं." "डाक्टर बी तेवढंच सांगतोय," ते म्हणाले आणि बोटांना चिकटलेला भंडारा त्यांनी माझ्या कपाळाला लावला. पुढं देव अणदूरला परतला, तेव्हा आबा नव्हते. आज त्याच ताऱ्याची नवी निरीक्षणं आली. वायू तसाच सुटतोय. मी वेग लिहून घेतला आणि वास आत राहावा म्हणून बॅगेची चेन ओढली. तो दर खेपेला थोडा कमीच येतो.