चलथाणच्या उसातली विहीर

आकाशातून पाहिलं की जमिनीला काहीच लपवता येत नाही... हे वाक्य आमच्या साहेबांचं. ते स्वतः विमानात कधी बसले नव्हते.

मी चमत्कारांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. माझी साडेसाती येऊन गेली, हेसुद्धा मला शेजारणीकडून कळलं. तरी हे सांगते.

१९७५च्या आसपास मी सुरतेत, नानपुऱ्यातल्या एका नकाशा कार्यालयात पंच ऑपरेटर होते. विमानातून काढलेल्या फोटोंवर बारीक चौकोन आखायचे, प्रत्येक चौकोनाचा काळेपणा मोजायचा. तो आकडा मी कार्डावर भोकं पाडून नोंदवायची. कार्डं अहमदाबादच्या कॉम्प्युटरकडे जात. आठवड्याने कागद येई — हा चौकोन ऊस, हा पडीक, हे पाणी. तेच फोटो आमचे तात्या स्टिरिओस्कोपच्या दोन भिंगांखाली वाचत. तात्या धुळ्याकडचे, निवृत्तीला आठ महिने उरलेले.

साहेबांनी फर्मान काढलं : मशीनपेक्षा ज्याच्या चुका जास्त, त्याची रवानगी रेकॉर्ड-रूममध्ये.

तात्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. आणि दोन्ही डोळे धड असल्याशिवाय त्या भिंगांखाली जमीन वर उठून दिसत नाही. ऑफिसात हे फक्त मला ठाऊक, कारण फोटोंचे नंबर त्यांना मीच वाचून देत असे.

चलथाणजवळच्या एका चौकोनावर त्यांनी लिहिलं — विहीर. मी भिंगातून पाहिलं. नुसता ऊस.

"तात्या, खोडा ते. एका चुकीने खुर्ची जाईल."

"तठे विहीर शे, माय."

"दिसली तुम्हाला?"

"दिसतंय कुठे मला... भिंगावर वाकलो, तर तोंडाला गारवा लागला. विहिरीत वाकल्यावर लागतो ना, तसा."

"पंख्याचा असेल."

"पंखा महिनाभर बंद आहे. अर्ज तूच टाईप केलास."

आठवड्याने कागद आला. बाकी सगळे चौकोन जुळले. आणि त्या चौकोनात — पाणी. मी कार्ड काढून पाहिलं. भोकं उसाचीच होती.

फोटोत ऊस आणि दोघांचं उत्तर पाणी, म्हणून साहेबांनी आम्हाला घेऊन जीप काढली. तिथे डोक्याच्या वर ऊस, बांधावर एक म्हातारी आणि तिचा मिशाळ मुलगा. विहिरीचं विचारलं तशी ती म्हणाली, "कूवो हतो ने. आ जन्म्यो ते वरसे पूरी दीधो. पाणी बहु मीठुं हतुं."

म्हणजे हा जन्मला त्याच वर्षी विहीर बुजवली; पाणी फार गोड होतं. मुलगा पंचविशीचा. आमचा फोटो दोन वर्षांपूर्वीचा.

तात्यांनी चपला काढल्या, वाकले, उसाच्या मुळाशी तळहात टेकून राहिले... म्हातारीने त्यांच्या डोळ्याकडे नीट पाहिलं. सगळ्यांना तिने पाण्याचा लोटा पुढे केला. तात्यांच्या मात्र हातात नेऊन ठेवला.

साहेबांनी जीपच्या बॉनेटवरच निकाल लिहिला : आज रोजी जागेवर विहीर नाही, सबब तात्यांची चूक एक, मशीनची चूक एक. बरोबरी. खुर्ची राहिली.

नंतर ते कार्ड मी गुपचूप पुन्हा पाठवलं. या वेळी ऊस आला. तो कागद साहेबांना दाखवला नाही. तात्यांच्या निरोपाच्या दिवशी त्यांच्या पेढ्यांचा पुडा त्यातच बांधून दिला.

खुलासा मला आजही सापडलेला नाही. छापील नकाशात तिथे ऊस दाखवला आहे. तो बरोबर आहे.